सगळे गुडघ्याकडे बघतात

मी एक हातोडी बोलतेय. खिळे ठोकणारी नव्हे, उलट मीच आता एका खिळ्याला टांगलेली आहे. कर्वेनगरात, दोन खोल्यांच्या एका घरात, आरशाच्या शेजारी. वेताचा दांडा, टोकाला पितळेची चकती आणि चकतीभोवती रबराची कडी, असं माझं रूप. घरी आलेली माणसं विचारतात, हे काय, खेळणं का? घरातली मुलगी ‘हां’ म्हणून विषय बदलते. मलाही ते बरं वाटतं, कारण खेळणं म्हटलं की पुढचे प्रश्न येत नाहीत.

माझा जन्म एकसष्ट सालच्या पानशेतच्या पुरामुळे झाला. नारायण पेठेत डॉक्टर गोपाळकृष्ण खांबेटे यांचा खाली दवाखाना आणि वर बिऱ्हाड होतं. मेंदूचे आणि नसांचे ते डॉक्टर. विलायतेत शिकताना घेतलेली त्यांची हातोडी कपाटासकट पुरात गेली. ‘आता मुठा नदी तपासेल खालच्या गावांचे गुडघे,’ असं त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई चिखल उपसता उपसता म्हणाल्या होत्या म्हणे. पुण्याच्या माणसाला टोमणा सुचायला कोरडी जागा लागतेच असं नाही.

नवी हातोडी परदेशातून मागवायची तर महिने जाणार. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं आणि पेठा पालथ्या घातल्या. बुरुड आळीतून वेताचा दांडा आला, एका टोकाला निमुळता केलेला. चकती तांबट आळीतल्या दत्तोबाने घडवली. कडी एका सायकलवाल्याने बसवून दिली. दत्तोबाने मला हातावर तोलून विचारलं, “याने ठोकायचं काय?”

“माणूस,” डॉक्टर म्हणाले.

दत्तोबाने मान हलवली आणि पुढची परात हातात घेतली. अशी तीन जागांहून गोळा होऊन मी डॉक्टरांच्या मेजावर आले.

माझं काम सोपं दिसतं. माणसाला उंच स्टुलावर बसवायचं, पाय लोंबते सोडायला सांगायचे, आणि गुडघ्याच्या वाटीखाली जी ताठ शीर लागते तिच्यावर मला पडू द्यायचं. मारायचं नाही, पडू द्यायचं. पाय आपोआप उडतो. पायाकडून पाठीच्या कण्याकडे निरोप गेला आणि उत्तर परत आलं, एवढाच त्याचा अर्थ. लहान मुलं पाय उडाला की हसतात. मोठी माणसं ओशाळतात, आपल्याला न विचारता आपलं काही हललं हे त्यांना आवडत नाही.

माझी पाळी शेवटी यायची. आधी डॉक्टर कॉफीची बाटली नाकाशी धरून डोळे मिटायला सांगत आणि वास ओळखायला लावत. मग मान न हलवता एकदा बोटाकडे, एकदा पेनकडे बघायचं. बुबुळांवर बॅटरीचा उजेड, डोळ्याच्या कडेला कापसाची वात. दात आवळा, गाल फुगवा, ‘आ’ करा, जीभ बाहेर काढा, खांदे उचला. या सगळ्यानंतर मी. डॉक्टर विद्यार्थ्यांना सांगत, “हात सैल ठेवा. हातोडीचं काम हातोडीला करू द्या.”

पण सैल हात सगळ्यांचा नसतो. पाय उडतो की नाही ते बघायला सगळे गुडघ्याकडे डोळे लावून बसतात. मी ज्या हातात असते तो हात मला त्याच्या आधी कळतो. घाबरलेला हात, घाईचा हात, रात्रभर जागलेला हात. हे मला कुणी कधी विचारलं नाही, म्हणून मी कधी सांगितलं नाही.

डॉक्टर एका मोठ्या रुग्णालयात मुलांना शिकवायचे आणि परीक्षाही घ्यायचे. डॉक्टरकीच्या परीक्षेला खरा रोगी लागतो. ज्याच्या अंगावर रोगाच्या खुणा ठसठशीत आहेत, जो चार तास कंटाळत नाही आणि बोलावलं की येतो, असा रोगी परीक्षकांना सोन्यासारखा. त्याला ‘चांगली केस’ म्हणतात. माणसाची दशा जेवढी वाईट तेवढी केस चांगली. या बोलण्यातलं वाकडं तिथे कुणालाच दिसत नसे. खरं सांगायचं तर मलाही बरीच वर्षं दिसलं नाही.

गेनबा ही आमची सगळ्यात चांगली केस.

गेनबा हिंगण्याचा. तेव्हा कर्वेनगर म्हणजे हिंगणे गाव आणि भोवती मळे. खडकवासल्याहून येणाऱ्या पाटावर तो पाटकरी होता, म्हणजे पाळीप्रमाणे शेतकऱ्यांना पाणी सोडणारा. पाटाच्या अरुंद काठावरून दिवसाकाठी चार-पाच कोस चालायचा. तिशी ओलांडली आणि एक दिवस तो त्या काठावरून पाटात पडला. आठवड्याने पुन्हा पडला. गावाने लगेच निदान केलं की गेनबा प्यायला लागला. त्याचा बापही असाच झोकांड्या खात विहिरीत पडून मेला होता आणि त्यालाही गावाने दारुडाच ठरवलं होतं. दोघांनी आयुष्यात थेंबाला तोंड लावलं नव्हतं.

डॉक्टरांनी त्याला पहिल्यांदा तपासलं ते एकोणसत्तर साली. बोटाकडून पेनकडे बघायला सांगितलं तर गेनबाचे डोळे उडी मारेनात. हळूहळू, आंधळा भिंत धरून जातो तसे ते पेनपर्यंत पोचले. डॉक्टरांनी तेच चार वेळा करून पाहिलं. मग मला उचललं. गुडघा तेव्हा जोरात उडायचा, जरा जास्तच. डॉक्टरांनी बापाचं विचारलं, आज्याचं विचारलं, आणि चष्मा काढून पुसत बसले. रोग रक्तातून येणारा होता. लहान मेंदू झिजत जायचा, आधी तोल, मग जीभ, मग गिळणं. औषध नव्हतं. आजही नाही.

हे सगळं गेनबाला सांगायचं ते राहून गेलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, “नसांचा आजार आहे. अधूनमधून यावं लागेल, तपासायला.”

गेनबाने ‘तपासायला’ एवढंच धरलं. आणि इथे ती चूक झाली. त्याला वाटलं, तपासणं हाच इलाज. दर परीक्षेला दहा-बारा मुलं येऊन त्याच्या डोळ्यांत उजेड पाडतात, कापूस लावतात, जीभ बघतात, शेवटी पितळेच्या हातोडीने नसा ठोकतात. एवढी माणसं, एवढी मेहनत. हा इलाज नाही तर काय? गावात तो सांगायचा, “मोठ्या दवाखान्यात माजा इलाज चालू हाय. हातोडीनं नसा जाग्या करत्यात.” त्याच्या गावाला हातोडीचा इलाज नवा नव्हता. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव ठोकून बसवतात तशी माणसाची नस का बसवू नये, असं त्यांना वाटत असणार.

डॉक्टरांच्या कानावर हे आलं होतं. त्यांनी त्याचा समज मोडला नाही. दयेने मोडला नाही, असं ते स्वतःला सांगत. पण समज मोडला तर गेनबा येणार नाही आणि अशी केस पुन्हा मिळणार नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. कुठलं कारण किती खरं, ते त्यांनी तोलून पाहिलं नाही.

गेनबा मात्र परीक्षेत रमला. त्याला सगळा क्रम पाठ झाला. एखादा पोरगा घाबरून गडबडला तर परीक्षकाची पाठ बघून गेनबा कुजबुजायचा, “डाक्टर, डोळं राहिलं. डोळं बघा आधी.” त्याच्या सांगण्यावर किती जण पास होऊन आज मोटारी उडवत असतील देव जाणे. परीक्षा संपली की त्याला चहा आणि दोन केळी मिळत. केळी तो खिशात ठेवी, मुलीसाठी.

ती मुलगी म्हणजे शालू. आई दुसऱ्यांच्या मळ्यात खुरपायला जायची, म्हणून बापाला धरून आणायचं काम नवव्या वर्षापासून शालूकडे होतं. ती भिंतीशी उभी राहून सगळं बघायची. एकदा डॉक्टरांनी विचारलं, “तू काय बघतेस गं एवढं?”

“मला बी येतंय आता,” ती म्हणाली. डॉक्टर हसले. मीही हसले असेन.

वर्षं गेली तशी गेनबाची बोली जड झाली. एका हाताची काठी दोन हातांची झाली. मग एका परीक्षेत, सत्त्याहत्तर साली, एका मुलाने मला त्याच्या गुडघ्यावर पडू दिलं आणि काहीच झालं नाही. मुलाने पुन्हा केलं. “दोन्ही हातांची बोटं अडकवा आणि ओढा,” तो म्हणाला. झोपलेला गुडघा जागा करायची ती शेवटची युक्ती असते. गेनबाने बोटं अडकवली, दात खाऊन ओढली, मानेच्या शिरा फुगल्या. मी पडले. पाय तसाच लोंबत राहिला. मुलाने खूश होऊन वहीत लिहून घेतलं, कारण ती फार चांगली खूण होती. गेनबा डॉक्टरांकडे बघत राहिला.

“जोरात मारा की साहेब,” तो म्हणाला. “पोरं हळू मारत्यात.”

पुढच्याच वर्षी शालूचं लग्न ठरायला आलं.

मुलगा धायरीचा होता. त्याचे वडील भैरू, पांढरी टोपी, सावध माणूस. बापाचं दुखणं मुलीत आहे का, एवढाच त्याचा सवाल होता, आणि सवाल रास्त होता. गेनबाने यावर आपल्या डोक्याने तोड काढली. ज्या डॉक्टरांनी आपल्यावर नऊ वर्षं इलाज केला तेच पोरीला हातोडी लावून बघतील, होणाऱ्या व्याह्यासमोर. रविवारी सकाळी तिघं नारायण पेठेत आले.

शालू स्टुलावर बसली. अठरा वर्षांची, नवं हिरवं लुगडं, पाय अंगठ्यापर्यंत ताठ. डॉक्टरांनी सगळं केलं. कॉफी तिने ओळखली. डोळे बोटावरून पेनवर झटकन गेले. जीभ सरळ. मग मला उचललं. गुडघ्याला लागताच पाय असा उडाला की भैरू मागे सरकला.

“आनि एकदा,” भैरू म्हणाला.

पुन्हा उडाला. भैरूच्या तोंडावर हसू आलं. गेनबाला तर हुंदकाच फुटला. त्याचं रडणं आणि हसणं एव्हाना एकसारखंच ऐकू यायचं.

“म्हंजी पोर खणखणीत,” भैरू म्हणाला. “काय डाक्टर?”

आता ऐका, कारण माझ्या आयुष्यातला वाईट क्षण तो हाच. हा रोग बहुधा तिशीत उगवतो, पिढीगणिक थोडा लवकरच. अठराव्या वर्षी गुडघा उडाला काय आणि नाही काय, त्यावरून काहीही कळत नाही. गेनबाचाही उडतच होता की, जास्तच उडत होता. हे त्या खोलीत एकाच माणसाला ठाऊक होतं. त्याने मला मेजावर ठेवलं. समोर स्टुलावरची मुलगी बघत होती, खुर्चीतला बाप बघत होता. तीन आठवड्यांवर परीक्षा होती.

“तपासणीत काही दोष नाही,” डॉक्टर म्हणाले.

यात एक शब्दही खोटा नव्हता. भैरूने सुपारी पक्की केली. निघताना गेनबा मेजापाशी आला, तोल सावरत त्याने मला दोन बोटांनी स्पर्श केला आणि बोटं कपाळाला लावली. मला नमस्कार केलेला तो पहिलाच माणूस. त्या वेळी मी मेजावरून पडून फुटले असते तर बरं झालं असतं, पण पितळ फुटत नाही.

मंदाकिनीबाई चहाच्या कपबशा न्यायला आल्या. त्यांनी दारातून सगळं ऐकलं होतं. “अहो,” त्या म्हणाल्या, “खोटं बोलला नाहीत तुम्ही, हे अगदी मान्य. खरं मात्र कपाटात ठेवलंत आणि किल्ली हरवल्याचं सांगितलंत.”

“कुणाचा तरी संसार होतोय,” डॉक्टर म्हणाले.

“होतोय ना. मग तुमचा चेहरा का असा?” त्या कपबशा घेऊन वर गेल्या. त्या दिवशी डॉक्टरांनी दुसरा रोगी घेतला नाही.

गेनबा आणखी तीन वर्षं परीक्षेला आला. शेवटी-शेवटी त्याला पाठुंगळी आणावं लागे. शालू सासरी होती, भाऊबंद आणायचे. बोलणं कुणाला कळेनासं झालं, तरी एखाद्या पोराचं डोळे बघायचं राहिलं तर तो स्वतःच्या डोळ्याकडे बोट नेऊ बघायचा आणि ते बोट गालाला, कानाला, कुठेही लागायचं. शेवटच्या वर्षी त्याने डॉक्टरांना हाताने खूण केली, अजून किती? म्हणजे इलाज अजून किती राहिला?

“चालू आहे,” डॉक्टर म्हणाले.

त्या उन्हाळ्यात दुधात कुस्करलेल्या भाकरीचा घास नरड्यात अडकून गेनबा गेला. परीक्षेला दुसरी केस शोधली, पण ती तेवढी चांगली नव्हती, असं सगळे म्हणाले.

डॉक्टर निवृत्त झाले. हाताखालच्या मुलांनी नव्या, चकचकीत हातोड्या घेतल्या. मी मेजाच्या खणात, जुन्या चष्म्यांच्या सोबतीला. दहा वर्षं तशीच गेली. माझी रबराची कडी कडक झाली, पितळ काळवंडलं. खण उघडायचा तो फक्त पोस्टाची तिकिटं शोधायला.

मग एक्क्याण्णव साली, दिवाळी आटोपल्यावर, एका दुपारी खण उघडला तो माझ्यासाठी.

दवाखान्याच्या खोलीत एक बाई उभी होती. उभी म्हणजे एका हाताने दार धरून, पाय फाकवून, बोटीत उभं राहावं तशी. शेजारी आठेक वर्षांची मुलगी. आवाज ऐकला आणि मी ओळखलं. शालूचं बोलणं जड झालं होतं, अगदी बापासारखं.

“बसा,” डॉक्टर म्हणाले. तेही आता थकले होते. “शालू ना तू?”

“व्हय. ही माजी हेमा.”

डॉक्टरांनी सवयीने एक बोट वर केलं आणि दुसऱ्या हातात पेन धरलं. शालूचे डोळे निघाले. भिंत धरून चालल्यासारखे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“सांगू नका,” शालू म्हणाली. “मला ठावं हाय. मी लहानपनापास्नं बगितलंय. मी माज्यासाटी आले न्हाई.”

तिची हकिगत तिने तिथेच, दम घेत सांगितली. दोन वर्षांपूर्वी विहिरीवर तोल गेला. सासरच्यांना आधी वाटलं पिते, मग आठवलं बाप कसा होता. भैरू म्हणाला, डाक्टरनं आनि गेनबानं संगनमत करून आमाला फसवलं. तिला आणि पोरीला हिंगण्याच्या घरी आणून सोडलं. तिथे आता मळे नव्हते, सोसायट्या होत्या. बापाच्या दोन खोल्या तेवढ्या उरल्या होत्या. हे सगळं ती दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगत होती. मंदाकिनीबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“हिला बघा,” शालू म्हणाली. तिने हेमाला स्टुलाकडे ढकललं.

हेमा चढून बसली, पाय लोंबते सोडले. तिला आईने घरून शिकवून आणलं असणार. डॉक्टरांनी मला उचललं. तो हात मी तीस वर्षं ओळखत होते, सैल, शांत हात. त्या दिवशी तो आवळलेला होता. मी गुडघ्याच्या वर होते आणि तो हात मला पडू देईना. शेवटी त्यांनी मला खाली घेतलं.

“याचा उपयोग नाही, शालू,” ते म्हणाले. “आज पाय उडाला म्हणून पुढचं काही सांगता येत नाही. होईल, न होईल, सारखंच. आईचं असेल तर निम्मी शक्यता. गुडघा ते सांगत नाही. तेव्हाही सांगत नव्हता.”

शालूने बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. तिचे डोळे एकदा कुणावर पोचले की लवकर हलत नसत.

“तवा कळत नव्हतं,” ती म्हणाली, “हे तुमाला तवा ठावं हुतं?”

“होतं.”

ती रागावली असती, ओरडली असती, तर खोलीतल्या सगळ्यांना बरं वाटलं असतं. तिने फक्त मान हलवली. “आबा म्हनायचे, डाक्टर कवा खोटं बोलत न्हाईत.” मग हात पुढे केला. “द्या हिकडं.”

डॉक्टरांनी मला तिच्या हातात दिलं.

हेमासमोर गुडघे टेकून ती बसली. अगदी बरोबर धरलं होतं तिने मला, टोकाशी, दोन बोटांत. मनगट सैल. नऊ वर्षं भिंतीशी उभं राहून शिकलेलं शिक्षण, कुठल्याही विद्यार्थ्यापेक्षा चांगलं. पण हात गुडघ्याकडे निघाला तसा त्याला कंप सुटला, आणि मी नडगीवर आदळले. हेमा ‘आई गं’ म्हणाली. दुसऱ्या वेळी मी स्टुलाच्या लाकडावर वाजले. तिसऱ्या वेळी शालूने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, श्वास रोखला, आणि मी पडले त्या जागी, वाटीखाली, शिरेवर.

पाय उडाला. हेमा हसली.

“उडला,” शालू म्हणाली. आणि मग, मला मांडीवर ठेवत, “माजा बी आसाच उडला हुता.”

निघताना तिने मला मागितलं. मंदाकिनीबाईंनी मला स्वच्छ पुसलं, एका जुन्या पंच्यात गुंडाळलं आणि हेमाच्या हाती दिलं. त्या कोपऱ्यावर रिक्षापर्यंत स्वतः शालूला धरून गेल्या. पेठेतल्या बायकांनी खिडकीतून बघितलं. डॉक्टरांना मी त्यानंतर पाहिलं नाही. ते दोनेक वर्षांत गेल्याचं हेमाने वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं होतं.

तेव्हापासून मी इथे, आरशाशेजारच्या खिळ्यावर. दर रविवारी हेमाचं न्हाणं झालं की शालू मला काढी. उपयोग नाही हे तिला सांगितलेलं होतं आणि तिने ते नीट ऐकलंही होतं. तरीही काढी. ज्या घरात करण्यासारखं काहीच उरलं नाही तिथे माणूस निदान काहीतरी करतो, आणि त्याला हसणाऱ्याने आधी अशा घरात राहून बघावं. पहिल्या वर्षी तिचा तिसरा घाव लागायचा. मग पाचवा. मग हेमाच आईचा हात धरून मला योग्य जागी न्यायची, आणि पाय उडाला की दोघी एकमेकींकडे बघायच्या.

आता शालू खाटेवर असते. बोलणं फक्त हेमाला कळतं, घास हेमाच भरवते. हेमा वीस वर्षांची झाली, कॉलेज सांभाळून दुपारी एका दुकानात बसते. मध्ये कॉलेजातली मैत्रीण घरी आली होती. तिने नेटवर वाचलं होतं, आता म्हणे रक्तावरून आधीच कळतं. हेमा भाजी चिरत म्हणाली, “कळून काय करू? मला सुट्टी मिळणारे का?”

तुमच्यापैकी कुणी डॉक्टर असाल, माझ्या नव्या बहिणी तुमच्या खिशात असतील, तर एक मागणं आहे. जे आम्हाला सांगता येत नाही ते आमच्या तोंडी घालू नका. गरीब माणूस हातोडीलासुद्धा देव मानतो, तेव्हा पितळेचं पितळ आधीच सांगून टाका. एवढं केलंत तरी पुष्कळ. माझं स्वतःचं आता काही मागणं नाही, कडीला भेगा पडल्यात आणि दांड्याला कीड लागलीय.

पण एक गोष्ट कुणाला तरी सांगायला हवी. म्हणून तर बोलले.

परवाच्या रविवारी हेमाने केस पुसले, मला खिळ्यावरून काढलं आणि आईला दिसेल अशी खाटेसमोर स्टुलावर बसली. हल्ली ती स्वतःच्या गुडघ्यावर स्वतःच मला पाडते. पहिला घाव नडगीवर लागला. ती स्वतःशीच हसली, म्हणाली, “लक्षच नाही माझं आज.” दुसरा नेमका बसला आणि पाय छान उडाला.

“उडाला गं आई,” ती म्हणाली. शालूच्या डोळ्यांना तिथे पोचायला वेळ लागला, पण पोचले, आणि तिचा चेहरा निवला.

दोघी गुडघ्याकडे बघत होत्या. मी हातात होते. तो कंप माझ्या ओळखीचा आहे.